टेकडी वाढते आहे

३ फेब्रुवारी, संध्या. ६.४०

आजपासून रोजनिशी. ऑफिसच्या फाइलमध्ये फक्त निष्कर्ष लिहिता येतात. निष्कर्षाच्या अलीकडचं कुठेतरी लिहायला हवं. वाचणारी मीच, त्यामुळे नम्रतेची गरज नाही.

नगरपालिकेच्या प्रसिद्धी कक्षात रुजू झाले. पद सर्व्हेअर, तात्पुरतं, सहा महिने. काम: 'वाढतं शहर' या पुस्तिकेसाठी आकडे गोळा करणं. उद्योग, निसर्ग, नागरी प्रगती अशी तीन प्रकरणं, पाच हजार प्रती, बाहेरच्या कारखानदारांना वाटण्यासाठी. साहेब म्हणाले, पुस्तिकेला इंजिनियर कशाला, असं तुम्हाला वाटलं असेल. मी म्हटलं, नाही वाटलं. तरी त्यांनी पाठ केलेलं उत्तर दिलंच. मागची पुस्तिका एका कवीकडून लिहून घेतली होती. त्याच्या ओळींत रेल्वे आली, रूळ आले, पण ती वाचून एकही नवा कारखाना आला नाही. आता आकडे हवेत. आकडे माझ्याकडे असतात.

संकल्प: १) मोजलं नाही ते लिहायचं नाही. २) दर रविवारी बाबांकडे. ३) कमी बोलायचं. तिसरा पाळायला सोपा.

५ फेब्रुवारी

बेंचमार्क पाहिला. स्टेशनच्या इमारतीच्या जोत्यात एक पितळी खिळा बसवला आहे. शहरातली प्रत्येक उंची या खिळ्यापासून मोजतात. रस्ते, गटारं, पाण्याच्या टाक्या, सगळ्यांचा शून्य इथे. खिळ्यावर हात ठेवला. गार आणि पक्का. सगळ्या गावात एक तरी वस्तू अशी आहे जी मत बदलत नाही.

मदतीला पट्टीवाले काका मिळाले. मी दुर्बिणीतून बघायचं, त्यांनी समोर मोजपट्टी उभी धरायची. एकतीस वर्षं पट्टी धरतात, रिटायर व्हायला चार महिने उरलेत. विचारलं, कंटाळा नाही येत का. म्हणाले, बाई, सरळ उभं राहायचा पगार मिळतो, आणखी काय पाहिजे.

८ फेब्रुवारी, रविवार

बाबांकडे. यार्डाला लागून जी गल्ली आहे तिथे ते राहतात. अकरा घरं, सगळी रेल्वेतून रिटायर झालेल्यांची. बाबांचं सात नंबर. चौतीस वर्षं रुळांवर होते, शेवटची दहा मुकादम. आई गेल्यापासून एकटेच. मी ऑफिसजवळ, स्टेशनच्या मागे, खोली घेऊन राहते. बाबांच्या मते दोन माणसं आणि दोन घरं ही श्रीमंती झाली.

मागच्या भिंतीला चीर आहे. फेब्रुवारीतली चीर, म्हणजे कोरड्या हवेने तडकलेल्या गिलाव्याची. दादाचा फोन आला होता म्हणे. बाबांना आपल्या गावी घेऊन जातो म्हणतो, ती गल्ली बरी नाही. दादा विमा विकतो. त्याला सगळीकडे अपघातच दिसतात.

मी म्हटलं, बाबा, मी मोजते आणि सांगते, मग ठरवा. बाबा म्हणाले, वा, आमच्या घरात आता सरकार आलं. मग म्हणाले, बरं. तू सांगशील तसं.

१७ फेब्रुवारी

स्टेशन ते गल्ली मोजणी केली. खिळ्यापासून निघालो, परत खिळ्यावर आलो. दोन्ही रीडिंगमधला फरक दोन मिलिमीटर. इतकी स्वच्छ मोजणी कॉलेजातही जमली नव्हती. गल्ली पूर्वीच्या नोंदीपेक्षा तीन मिलिमीटर खाली. पाचपर्यंत चालतं. म्हणजे गल्ली जागेवर आहे.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, बरं. थोड्या वेळाने म्हणाले, पण दोनशे बाराजवळ रूळ अजून खडी खातो का गं, तेवढं विचार.

दोनशे बारा म्हणजे यार्डाच्या तोंडाशी असलेला किलोमीटर. तिथे रुळाखालची खडी सारखी कमी पडते आणि दर आठवड्याला भरावी लागते. बाबांच्या वेळी वर्षातून दोनदा भरायचे. पूर्वीची माणसं जास्त ठोकून भरत असतील.

२३ फेब्रुवारी

स्टेशनमास्तरांच्या खोलीचं दार घासायला सुतार आला होता. या वर्षी तिसऱ्यांदा. म्हणतो, दार सरळच आहे, चौकट कलली. नाचता येईना, अंगण वाकडं. त्याने माझ्या दुर्बिणीच्या तिपाईकडे बघून विचारलं, ताई, ही कशावर उभी आहे? मी सांगितलं, जमिनीवर. तो हसला आणि रंधा मारायला लागला. ज्यांना विज्ञान कळत नाही ती माणसं हसून वेळ मारून नेतात.

२६ फेब्रुवारी

महत्त्वाचा दिवस.

'निसर्ग' प्रकरणासाठी शहराबाहेरची टेकडी मोजली. माथ्यावर मोजणीखात्याचा जुना पांढरा दगड आहे. दहा वर्षांपूर्वीची नोंद: खिळ्यापासून ८४.३१२ मीटर. आज: ८४.३६१. एकोणपन्नास मिलिमीटर जास्त.

पुन्हा मोजलं. तेच आलं. दुसऱ्या वाटेने मोजलं. पन्नास. काकांचे पाय सुजले. ते म्हणाले, बाई, टेकडी काय पळून जात नाही. मी म्हटलं, पळत नाहीये काका. वाढते आहे.

ते बराच वेळ टेकडीकडे बघत उभे होते, मग शहराकडे बघत. म्हणाले, असं असतं का? मी सांगितलं, डोंगर वाढतात, पुस्तकात आहे. दोन ठिकाणच्या उंचीतला फरक बदलला म्हणजे दोन्हींपैकी एक हललं आहे. खिळा बेंचमार्क आहे. तो हलत नाही. हलला असता तर त्याला बेंचमार्क म्हटलंच नसतं.

२ मार्च

साहेबांना टेकडीचा रिपोर्ट दिला. दोनदा वाचला आणि खुर्चीतून उठले. म्हणाले, बाई, तुम्ही आहात कुठे इतके दिवस! प्रकरणाचं नाव तिथल्या तिथे ठरलं: 'जिथे डोंगरही वाढतात'. मी अट घातली की आकडा मिलिमीटरमध्ये छापायचा. ते म्हणाले, सेंटिमीटर मोठं वाटेल. मी म्हटलं, आकडा तोच. ते म्हणाले, म्हणूनच. शेवटी मिलिमीटर. तत्त्वाचा विजय.

९ मार्च

'उद्योग' प्रकरण. कागद गिरणी, रंग कारखाना आणि बाटल्यांची फॅक्टरी पाहिली. तिन्हींची मिळून एकोणीस खोल बोअरवेल, त्यांतल्या बारा गेल्या दोन वर्षांतल्या. रोज चार कोटी लिटर पाणी जमिनीतून. नदीवर अवलंबून राहायला नको. पान नऊवर मोठ्या अक्षरात.

कागद गिरणीच्या फोरमनने एक गंमत दाखवली. बोअरचा लोखंडी पाइप जमिनीत शंभर मीटर खोल आहे. बसवला तेव्हा त्याचं तोंड सिमेंटच्या ओट्याला टेकलं होतं. आता चार बोटं वर आहे. फोरमन म्हणाला, पाइप वर येतोय की ओटा खाली जातोय ते तुम्हीच सांगा, मॅडम. चार बोटं म्हणजे साधारण सत्तर मिलिमीटर.

टेकडी वर. पाइप वर. दोन स्वतंत्र पुरावे. खोलवर मुळं असलेल्या सगळ्या गोष्टी वर येत आहेत. फोरमनला सांगितलं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि ती परत घातली नाही.

१५ मार्च, रविवार

बाबांकडे. चीर एक होती, आता चार आहेत. सगळ्यात रुंद चिरेत काडेपेटीतली काडी आडवी जाते. गिलावा.

गल्लीतली तीन घरं बंद दिसली. बाबांना विचारलं. म्हणाले, एकाला मुलाने नेलं, एक सुनेच्या माहेरी, एक असंच. लोकांची परिस्थिती सुधारते तेव्हा ते मोठ्या जागेत जातात. 'नागरी प्रगती'त एक ओळ घालायला हवी.

बाबा सगळा वेळ ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, आत बसू. म्हणाले, उजेड आहे इथे. जाताना त्यांनी विचारलं, तुझा तो खिळा, त्याला कोण मोजतं गं? मी समजावलं की खिळ्यावरून इतर मोजतात, खिळ्याला मोजत नाहीत. ते म्हणाले, हां, साहेबासारखं.

२० मार्च

टेकडी: ८४.३७५. बावीस दिवसांत चौदा मिलिमीटर. डोंगराच्या मानाने हा वेग विलक्षण आहे. पुस्तकात हे सापडलं नाही. पुस्तकं जुनी असतात.

२५ मार्च

यार्डामागे तलाव झाला आहे. जानेवारीत तिथे सपाट मैदान होतं. आता चाळीस बाय पंचवीस मीटर पाणी, मध्यभागी गुडघाभर. दोन बगळे. गटारांचं पाणी पूर्वी नदीकडे जायचं, ते आता इकडे वळतं. गटार विभागाचे लोक एकमेकांवर चिखलफेक करत होते, अक्षरशः. मी फोटो घेतले. सकाळच्या उन्हात फार सुरेख आले. मजकूर: 'निसर्गाने शहराला यंदा आपणहून तलाव दिला.' तपासून पाहिलं. कोणी खणलेला नाही, म्हणजे 'आपणहून' बरोबर आहे.

१ एप्रिल

रेल्वेने दोनशे बारा ते दोनशे चौदा ताशी वीस किलोमीटरचा फलक लावला. साहेबांनी वाक्य सुचवलं: 'प्रवाशांना निसर्ग डोळे भरून पाहता यावा म्हणून गाड्या इथे हळू धावतात.' मी गाडीत बसून वेग मोजला. बरोबर वीस. 'म्हणून' या शब्दाबद्दल थोडी शंका होती. पण प्रवासी खरंच खिडकीतून बघत होते. सगळे खालीच बघत होते.

६ एप्रिल

दादा स्वतः आला होता. ऑफिसात, सगळ्यांसमोर. म्हणाला, बाबांना न्यायला आलोय आणि ते म्हणतात पोरगी मोजतेय, पोरगी सांगेल. तू सांग ना त्यांना! भिंतीतून हात जातो आता. मी म्हटलं, हात जात नाही, तीन बोटं जातात. तो म्हणाला, वा गं वा, तीन बोटं. एक दिवस बाप जाईल.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी फाइल उघडून दाखवली. स्टेशन ते गल्ली, चार वेळा मोजलं, जास्तीत जास्त फरक चार मिलिमीटर. पाचच्या आत. तो म्हणाला, मला ते कळत नाही. मी म्हटलं, तेच तर.

संध्याकाळी रिकाम्या हाती परत गेला. वहिनीने बाबांसाठी पाठवलेली शाल माझ्या टेबलावर विसरून.

८ एप्रिल

गल्लीतल्या लोकांनी जागा तपासून द्या असा अर्ज दिला होता, त्याला उत्तर म्हणून दाखला दिला: 'जागा स्थिर असून राहण्यास योग्य आहे.' खाली माझी सही. आयुष्यातला पहिला दाखला. सही छान आली.

अर्जावर अकरा सह्या हव्या होत्या, सहाच निघाल्या. बाबांची नव्हती.

१२ एप्रिल, रविवार

बाबांना वहिनीची शाल पोचवली, दाखल्याची प्रतही दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. म्हणाले, आता राहायलाच पाहिजे. मी म्हटलं, निर्धास्त राहा. म्हणाले, तू निर्धास्त आहेस ना, मग झालं.

शिवणकाम करणाऱ्या काकू मशीन हातगाडीवर चढवत होत्या. त्यांना विचारलं, दाखला वाचला नाही का? म्हणाल्या, वाचला ना, बाळा, अक्षर फार सुंदर आहे तुझं. आणि बाबांकडे बघून मशीनची दोरी आवळायला लागल्या.

आता तीन घरांत दिवा लागतो.

बाबा थकलेले वाटतात. सकाळी लवकर उठून लांब फिरायला जातात म्हणे, रोज तीन किलोमीटर. या वयात इतका व्यायाम कशाला, असं म्हणणार होते. पण चांगली सवय आहे.

१८ एप्रिल

टेकडी: ८४.३९४. एकूण ब्याऐंशी मिलिमीटर.

काका आज माथ्यावर पट्टी धरून उभे असताना म्हणाले, बाई, एक विचारू? आपण इथून खाली का नाही मोजत? टेकडी पक्की धरा, मग खिळा किती येतो ते बघा. मी म्हटलं, काका, उत्तर तेच येईल, फक्त उलट. ते म्हणाले, हो, तेच म्हणतोय.

समजावण्यात अर्थ नव्हता. चार महिन्यांपैकी दीड उरला आहे त्यांचा.

उतरताना थोडा वेळ बसले. वरून शहर बशीसारखं दिसतं. कडेला उंच, मध्ये स्टेशन. कारखान्यांची वाफ मध्येच साचून राहते. पूर्वी असं दिसायचं का, आठवत नाही. फोटोसाठी कोन चांगला नाही. घेतला नाही.

२४ एप्रिल

प्रकाशन. पाच हजार प्रती. हॉल भरला. एकोणीस कारखानदार आले होते. साहेबांनी मला स्टेजवर बोलावलं. भाषणात म्हणाले, या शहरात काही खाली जात नाही. टाळ्या. टाळ्यांमध्ये छताच्या गिलाव्याचा एक तुकडा माइकवर पडला. सगळे हसले. साहेब म्हणाले, इमारतही टाळ्या वाजवते आहे. माणूस हजरजबाबी आहे.

दोन कारखान्यांनी जागा मागितली. दोघांनाही बोअर हवेत.

बाबा मागच्या रांगेत, दारापाशी होते. बसले नाहीत.

३ मे, रविवार

गल्लीत फक्त बाबांचं घर उघडं. नळाला पाणी गढूळ, आणि भिंतीला कान लावला की आतून वाहिल्याचा आवाज येतो. पाण्याची मुख्य वाहिनी गल्लीखालून जाते, आवाज येणारच. पाणीपुरवठ्याला पत्र लिहायचं आहे. लेव्हलचा प्रश्न नाही, त्यामुळे घाई नाही.

बाबा म्हणाले, तू आता घरात येत जाऊ नकोस, मीच येत जाईन तुझ्याकडे. वाईट वाटलं. म्हटलं, का, मी नको झाले का? ते म्हणाले, अगं तसं नाही. मग म्हणाले, तुझा रिपोर्ट वाचला. मेहनत दिसते.

लोक साप म्हणून भुई धोपटतात. बाबा तरी तसे नाहीत.

१२ मे, सकाळी ९.२०

नोंद क्रमाने लिहिते.

५.५० ला जमीन खचली. ६.१५ ला काका खोलीवर आले. दार वाजवलं नाही, नुसतं बाहेरून म्हणाले, बाई, गल्ली.

६.३० ला पोहोचले. पाच नंबर ते नऊ नंबर घरं नाहीत. खड्डा. व्यास साधारण अठरा मीटर. खोली सांगता येत नाही, तळ दिसत नाही, पाणी दिसतं आणि त्यावर एक पत्रा फिरतोय. कडेची जमीन भिजलेली. मी व्यास अंदाजाने मोजत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. अठरा. पुन्हा अठरा. कोणीतरी मला मागे ओढलं. सात नंबर बरोबर मध्ये होतं.

६.५५ ला बाबा आले. रुळांच्या बाजूने, चालत. काखेत वळकटी, हातात किटली. अंगावर वहिनीची शाल.

मी काय बोलले ते आठवत नाही. काका म्हणतात, मी विचारलं, कुठून आलात?

बाबा म्हणाले, दोनशे पंधरावरून. तिथे रूळ राखणाऱ्या गँगची खोली आहे. मार्चपासून झोपायला तिकडेच जातो. पोरं ओळखीची आहेत, खाट देतात. म्हटलं, दोनशे पंधराच का? म्हणाले, तिथे खडी लागत नाही. चौतीस वर्षांत तिथे कधी जास्तीची पाटी टाकावी लागली नाही.

मग हळूहळू कळत गेलं, बाकीचं काकांकडून. गल्लीतली दहाही घरं बाबांनी रिकामी करवली. एकेकाच्या दारात जाऊन. आणि प्रत्येकाला सांगितलं, पोरीला कळू देऊ नका, तिच्या नोकरीचा प्रश्न आहे, आणि तिने मनापासून मोजलंय. दिवसा स्वतः ओट्यावर येऊन बसायचे. कारण दाखल्यावर लिहिलं होतं, राहण्यास योग्य. कोणीतरी राहताना दिसायला हवं होतं.

मी बाबांना विचारलं, मला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, सांगितलं की. दोनशे बाराचं विचारलं. खिळ्याचं विचारलं. तू उत्तरं दिलीस.

१९ मे

राजधानीहून मोजणीची तुकडी आली. त्यांनी उंची नदीपलीकडच्या खडकापासून आणली. दोन दिवसांत काम संपवलं. टेकडी दहा वर्षांपूर्वी जिथे होती तिथेच आहे. स्टेशन शहाण्णव मिलिमीटर खाली आहे. गल्ली शंभर. खिळा, इमारत, ऑफिस, हॉल, सगळं एकत्र, सारख्या वेगाने. म्हणून माझ्या मोजण्या इतक्या जुळत होत्या.

त्यांच्या प्रमुख बाईंनी माझ्या वह्या चाळल्या. म्हणाल्या, काम अतिशय स्वच्छ आहे. आणखी काही म्हणाल्या नाहीत. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेब दुसऱ्या आवृत्तीच्या तयारीत आहेत. खड्ड्यात पाणी भरलंय. विचारत होते, याला तलाव क्रमांक दोन म्हणता येईल का. मी विचार करून सांगते म्हटलं. मी असं का म्हटलं, कळत नाही.

तुकडीच्या मते बोअरच्या उपशाने जमीन बसली, आणि ती बसताना गल्लीखालची वाहिनी फुटून माती वाहून गेली. बोअर अजून चालू आहेत. बंद करायचे तर कारखाने बंद होतील, आणि कारखाने पान नऊवर आहेत.

२४ मे, रविवार, दुपारी ३.१०

बाबा आता माझ्याकडे राहतात. दादा न्यायला आला होता, त्याला म्हणाले, इथलं आटपलं की येतो. काय आटपायचं ते सांगितलं नाही. माझ्याकडे बघत होते.

संकल्प: नव्याने सुरुवात. नदीपलीकडचा खडक हा नवा शून्य धरून सगळं शहर पुन्हा मोजायचं. जुन्या चुका होणार नाहीत. राजीनाम्याचा कागद लिहिला आहे. द्यायचा की नाही ते मोजणी झाल्यावर.

जेवणानंतर बाबांना इमारतीची माहिती दिली. तीन मजले, पाया एकसंध काँक्रीटचा, बांधून सहा वर्षं. खचली तरी सगळी एकदम आणि सरळ खचेल, एका बाजूला कलणार नाही. म्हटलं, इथे काळजीचं काही नाही. आता पडा थोडा वेळ.

बाबा म्हणाले, बरं.

खाटेवर आडवे झाले. पायात बूट तसेच. रुळांवरचे, जाड तळव्याचे. मला वाटलं विसरले. काढायला वाकले तर त्यांनी डोळे न उघडता पाय किंचित मागे घेतले.

मी टेबलाशी येऊन बसले. वही उघडली. पाच मिनिटांनी उठले, माझे मोजणीचे बूट घातले, दोन्हींच्या लेस बांधल्या, आणि मग हे लिहायला घेतलं.